रसिकांचे ऋण

मनुष्य जन्मास येतो तो ऋण घेऊनच येतो, असे आमच्या पूर्वजांनी सांगून ठेविले आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी त्यांची गणना. आणि यज्ञाने पहिले, अध्ययनाने दुसरे व प्रजोत्पादनाने तिसरे फिटते, अशी सोयही त्यांनी लावून दिली. परंतु ज्यांच्या गळ्याने आणि अभिनयाने आमच्या आयुष्यातील कितीतरी उदास संध्याकाळी सुसह्य झाल्या, त्यांचे आम्ही काही देणे लागतो काय, हा प्रश्न या गणनेत कोठेच येत नाही. व्यवहारी मनुष्य म्हणेल, तिकिटाचे पैसे मोजले, तेथेच हिशेब मिटला. परटाचे, न्हाव्याचे आणि गवयाचे देणे एकाच वहीत मांडून मोकळे होण्याची ही रीत दिसण्यात मोठी सरळ आहे. ती न्यायाची आहे किंवा नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

असले प्रश्न कोरड्या तत्त्वचर्चेने सुटत नाहीत. त्यांना एखाद्या खऱ्या आयुष्याची कसोटी लावावी लागते. त्यासाठी आम्ही शांता आपटे यांचे चरित्र निवडले आहे. ज्यांच्या घरी आजीच्या किंवा पणजीच्या तोंडून ‘कुंकू’ आणि ‘गोपालकृष्ण’ या बोलपटांची वर्णने ऐकण्यात आली असतील, त्यांना हे नाव नवे नाही. इतरांसाठी एवढेच सांगतो की, सिनेमातील नटीने आपले गाणे आपणच म्हणावयाचे अशी रीत ज्या काळी होती, त्या काळी गळा आणि अभिनय या दोहोंच्या बळावर महाराष्ट्राने ज्यांना डोक्यावर घेतले, त्यांत शांताबाईंचे स्थान अगदी वरचे होते.

वऱ्हाडास हा विषय परका नाही. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांचा वकिलीत आणि राजकारणात जसा लौकिक होता, तसाच त्यांना नाटकाचाही मोठा नाद होता. येथलेच वीर वामनराव जोशी यांचे ‘रणदुंदुभी’ हे नाटक १९२७ साली दीनानाथ मंगेशकर यांच्या बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले, आणि त्यातील तेजस्विनीची भूमिका स्वतः दीनानाथांनी केली. पुढे नाटकाची गादी बोलपटाकडे गेली. अमरावतीतील राजकमल चौक आणि चित्रा चौक ही नावे कोणा संताची किंवा पुढाऱ्याची आठवण देत नाहीत, चित्रपटगृहांची देतात. अकोल्याच्या कापूसबाजारात खेळणाऱ्या पैशाचे आकर्षण करमणुकीच्या धंद्याला नेहमीच वाटत आले. तात्पर्य, वऱ्हाडी मनुष्याच्या रसिकतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु रसिकता निराळी आणि न्यायबुद्धी निराळी. पहिलीचा अभिमान आम्ही पुष्कळ मिरविला. दुसरीची झडती घेण्याचे मात्र आजवर टाळले.

शांताबाईंचा जन्म १९१६ साली सोलापूरकडील दुधनी या गावी झाला. गाण्याचे शिक्षण त्यांना पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात मिळाले. १९३२ साली भालजी पेंढारकर यांच्या ‘श्यामसुंदर’ या बोलपटात त्या राधा झाल्या, तेव्हा त्यांचे वय जेमतेम सोळा वर्षांचे होते. वडीलबंधू बाबूराव आपटे यांची त्यांच्यावर कडक देखरेख असे. पुढे त्या प्रभात फिल्म कंपनीत आल्या. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली ही संस्था तोवर पुण्यास आली होती. तेथे १९३४ साली ‘अमृतमंथन’, १९३६ साली ‘अमरज्योती’ आणि ‘राजपूत रमणी’, १९३७ साली ‘कुंकू’ आणि १९३८ साली ‘गोपालकृष्ण’ असे बोलपट त्यांनी केले. चोवीस वर्षांच्या आतच त्यांची कीर्ती हिंदुस्थानभर झाली.

त्या काळी कुलीन घरच्या मुलीने तोंडाला रंग लावणे ही गोष्ट किती अवघड होती, हे आजच्या वाचकास उमगणे कठीण आहे. १९१३ साली फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या दोघींनी प्रथम तो उंबरठा ओलांडला. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गाबाई खोटे आल्या, आणि एका सुखवस्तू, शिकलेल्या घराण्याचे नाव पडद्यावर झळकले. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणली, तीत ज्योत्स्नाबाई भोळे होत्या. दार असे हळूहळू किलकिले होत होते. शांताबाई या दारातून आत आल्या, आणि त्यांच्यामुळे एक नवीच गोष्ट घडली. पूर्वी बोलपटातील गाणे म्हणजे कथानकाला मिळालेला विश्राम असे. पात्राने एका जागी उभे राहावे, गावे, आणि मग पुन्हा गोष्ट सुरू व्हावी. शांताबाईंच्या गाण्यात डोळे बोलत, हात बोलत, आणि गाणे हेच कथानकाचे पाऊल बने.

याची पूर्ण प्रचीती ‘कुंकू’त आली. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर हा बोलपट आधारलेला होता आणि दिग्दर्शन शांताराम यांचे होते. आईबापांवाचून वाढलेल्या नीरेला तिचा मामा फसवून एका वृद्ध विधुर वकिलाशी बोहल्यावर उभी करतो. लग्न तर लागते. परंतु नीरा ते मनाने आणि शरीराने मान्य करीत नाही. रडत बसणे, विहीर जवळ करणे किंवा दैवाला दोष देत संसार रेटणे, या तीनच वाटा आमच्या कथावाङ्मयाने तिच्यासाठी मोकळ्या ठेविल्या होत्या. नीरा चौथी वाट काढते. ती त्याच घरात राहून ‘नाही’ म्हणते, आणि म्हणतच राहते. शेवटी वृद्ध काकासाहेबांनाच आपल्या अन्यायाची जाणीव होते. केशवराव दाते यांनी ती भूमिका अशी केली की, प्रेक्षकाला त्या वृद्धाचाही कळवळा यावा. संगीत केशवराव भोळे यांचे होते. पण पार्श्वसंगीताचा मोह टाळून रोजच्या व्यवहारातील आवाजांवरच हा बोलपट उभा केला होता. त्यातच शांताबाईंनी लाँगफेलोची ‘जीवनाचे स्तोत्र’ या अर्थाची इंग्रजी कविताही गाऊन दाखविली. इंग्रजीचे अध्यापन करणाऱ्या आमच्यासारख्याला हे नमूद केल्यावाचून राहवत नाही; कारण वर्गात जी कविता बोधपर म्हणून मुले जांभया देत ऐकतात, तीच एका अन्याय झालेल्या मुलीच्या तोंडी आली की तिचा अर्थ पालटतो.

वर सांगितलेल्या ‘रणदुंदुभी’ची येथे पुन्हा आठवण होते. त्यातील तेजस्विनीचे तेज अंगी आणणारा पुरुष होता. पुढे दहाच वर्षांनी ‘कुंकू’त नीरेचा नकार एका स्त्रीच्याच कंठातून उमटला. प्रेक्षकांनी तेजस्विनीला टाळ्या दिल्या तशाच नीरेलाही दिल्या. परंतु या वेळी टाळ्या घेणारी व्यक्ती नाट्यगृहाबाहेर पडल्यावरही स्त्रीच राहणार होती. आमच्या प्रश्नाचा उगम येथे आहे.

‘कुंकू’नंतर दोनच वर्षांनी, १९३९ साली, शांताबाई पुण्यात प्रभातच्या दारात उपोषणास बसल्या. कारण कराराचे होते. आपण कोणाकडे काम करावे, किती करावे आणि कोणत्या अटींवर करावे, याबाबत करार आपल्याला बांधून टाकतो, ही त्यांची तक्रार होती. ज्या आवारात १९६० साली सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, त्याच आवाराचे ते दार. पुढल्याच वर्षी त्यांनी एक पुस्तक प्रसिद्ध केले. नाव ‘जाऊ मी सिनेमात?’ नट्यांची पुस्तके म्हणजे आठवणी, रुसवेफुगवे आणि पोशाखांची वर्णने, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ते अवश्य पाहावे. सिनेमा हा धंदा आहे, त्यात भांडवल घालणारा एक आणि श्रम करणारा दुसरा असतो, आणि झगमगाटामागे शरीराचा व मनाचा शीण असतो, अशी विचाराची बैठक त्यांनी तेथे मांडली आहे. तेव्हा त्यांचे वय चोवीसच्या आसपास होते.

अमरावतीस १९०४ साली जन्मलेल्या कुसुमावती देशपांडे पुढे नागपुरास इंग्रजीच्या प्राध्यापिका झाल्या, समीक्षक म्हणून नावाजल्या, आणि १९६१ साली मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या. वऱ्हाडाने त्यांचा अभिमान बाळगला तो सर्वथा योग्यच होय. परंतु त्यांच्याच पिढीतील एका गायिका-नटीने श्रम आणि मोबदला यांविषयी स्वतंत्र बुद्धीने लिहिलेले पुस्तक आमच्या वैचारिक वाङ्मयाच्या कपाटात सहसा आढळत नाही. शांताबाईंविषयी चार माणसांत विषय निघाला की, त्यांनी एका सिनेमापत्राच्या संपादकाला वेताच्या छडीने मारल्याची आख्यायिका हटकून सांगण्यात येते. छडीची गोष्ट घरोघर पोहोचली आणि पुस्तक मात्र नाही, यात आमच्या स्मरणशक्तीचा दोष थोडा आणि आमच्या मनोरचनेचा अधिक आहे. गाणाऱ्या स्त्रीला राग येतो, हे आम्हांस चटकन पटते. तिला विचार असतो, हे पटावयास वेळ लागतो.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून घेणे प्राप्त आहे. कारण ते अगदीच पोकळ नाही. पहिला आक्षेप असा की, करार म्हणजे दिलेले वचन, आणि वचनभंग करणाऱ्याचे कौतुक करू लागल्यास व्यवहारच बुडेल. दुसरा असा की, प्रभातसारख्या संस्थेने पैसा ओतला, भोळे व मास्तर कृष्णराव यांच्यासारख्यांनी चाली दिल्या, शांताराम यांच्यासारख्यांनी अभिनय घडविला. सबब कीर्ती एकट्या नटीची नाही, संस्थेचीही आहे. तिसरा असा की, चारचौघांहून अधिक कमावणाऱ्या व्यक्तीने स्वतःस श्रमिक म्हणवून घेणे ही श्रमिकांची थट्टा होय.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर असे. वचनाचे पावित्र्य आम्हांसही मान्य आहे; परंतु वचन घेणारा बलवान आणि देणारा दुर्बल असेल, तर त्या वचनाकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे, हे धर्मशास्त्र आणि कायदा या दोहोंचेही मत आहे. नीरेनेदेखील सप्तपदी घातलीच होती! तेही वचनच होते. मग तिच्या नकाराला आम्ही टाळ्या का दिल्या? अर्थात लग्नात फसविली गेलेली मुलगी आणि करारावर सही करणारी नटी यांची स्थिती सर्वस्वी सारखी नाही, हे उघड आहे. तरीही मिल्लने ‘स्वातंत्र्याविषयी’ या आपल्या १८५९ सालच्या निबंधात जो मुद्दा मांडला तो दोघींनाही लागू पडतो: आपले स्वातंत्र्य कायमचे विकून टाकण्याचे स्वातंत्र्य मनुष्यास असू शकत नाही. आमच्याच १८७२ सालच्या करारविषयक कायद्याने कोणाचा धंदा करण्याचा हक्क हिरावून घेणारा करार तेवढ्यापुरता व्यर्थ ठरविला आहे. करार चालू असताना अशी बंधने कोठवर चालतात, यावर वकिलांत वाद होऊ शकतो. परंतु तत्त्व कोणत्या बाजूस झुकते याविषयी वाद नाही.

हा प्रश्न पुण्यातच उद्भवला असेही नाही. १९३६ साली बेट्टी डेव्हिस ही अमेरिकन नटी, आपल्याला हलक्या भूमिका दिल्या जातात म्हणून कंपनी सोडून इंग्लंडात काम करावयास निघाली. वॉर्नर कंपनीने लंडनच्या न्यायालयात तिला अडविले आणि ती दावा हरली. आठ वर्षांनी, १९४४ साली, ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड हिने त्याच कंपनीविरुद्ध कॅलिफोर्नियात दावा जिंकला. भूमिका नाकारल्याबद्दल नटीला बिनपगारी बसवावयाचे आणि ते दिवस कराराच्या मुदतीत वाढवावयाचे, अशी तेथल्या कंपन्यांची रीत होती. सात वर्षे म्हणजे पंचांगातील सात वर्षे, असा न्यायालयाने निर्णय दिला आणि ती रीत मोडली. जो ‘नाही’ पुण्याच्या एका दारात बसून उच्चारला गेला, तोच पाच वर्षांनी दूरदेशी कायद्याच्या भाषेत मान्य झाला. दोन्ही ठिकाणी मागणी पैशाहून मोठी होती; आपल्या श्रमावर आपली सत्ता असावी, हे तिचे सार.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते आम्ही आनंदाने मान्य करतो. कोणतीही कीर्ती एकट्याची नसते. परंतु रोप वाढविले म्हणून फळावर माळ्याचा अधिकार सांगता आला, तरी झाडाला फळ न धरण्याचा अधिकारच नाही, असे माणसांच्या बाबतीत म्हणता येत नाही. माणूस हे केवळ साधन नव्हे, साध्यही आहे, हा कांटचा दंडक येथे लागू होतो. संस्थेचे उपकार खरे. त्यांची फेड चांगल्या कामाने होते, देहाच्या गहाणखताने होत नाही. आणि शांताबाईंनी पुढे जे केले ते पाहता, त्यांची शक्ती संस्थेने दिलेली नव्हती हेही सिद्ध होते. १९४१ साली त्या मद्रासकडे जाऊन ‘सावित्री’ या तमिळ बोलपटात नायिका झाल्या. त्यात नारदाची भूमिका साक्षात एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांची होती. परक्या भाषेतील संवाद आणि गाणी त्यांनी मेहनतीने आत्मसात केली. १९४२ साली पांचोली यांच्या ‘जमीनदार’मध्ये काम करून त्यांनी लाहोरही पाहिले. पुण्याची छाया सुटल्यावरही झाड उभे राहिले.

तिसऱ्या आक्षेपाचा विचार वऱ्हाडच्याच मातीवर करू. कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे शेताकडे निघालेल्या बायांचे तांडे अकोल्याच्या किंवा दर्यापूरच्या रस्त्यावर कोणी पाहिले नाहीत? वजनावर मजुरी, बोंडांच्या टरफलांनी ओरखडलेली बोटे आणि वाकून वाकून मोडलेली कंबर. तो कापूस जिनात जातो, गाठी होतात, सूत होते, कापड होते. आणि दुकानात सदऱ्याचे कापड चिमटीत धरून पोत पाहताना त्या बोटांची आठवण कोणालाही होत नाही. नामांकित नटी आणि वेचणारी बाई यांचे कष्ट सारखे आहेत, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे निर्दयपणाचे होईल. सारखा आहे तो त्यांच्याकडे न पाहण्याचा आमचा शिरस्ता. वस्तू जितकी मुलायम, तितका तिच्यामागचा श्रम आम्हांस दिसेनासा होतो. आणि मुलायमपणात गाण्याची बरोबरी कोणते वस्त्र करील? श्रमिकाची ओळख त्याच्या दारिद्र्यावरून करावयाची ही आमची सवयच मुळात चुकीची आहे. पगार मोठा असो वा लहान, ज्याला थकल्यावर थांबता येत नाही आणि न पटल्यास नाही म्हणता येत नाही, तो श्रमिकच होय.

येथे एक सूक्ष्म शंका निघेल. रसास्वादात नटीचे विस्मरण होणे हाच तर कलेचा विजय! भट्टनायकाने आणि अभिनवगुप्ताने साधारणीकरणाचा जो सिद्धांत सांगितला, त्याप्रमाणे रंगमंचावरील दुःख कोणा एका व्यक्तीचे राहत नाही. म्हणूनच तर ते आम्ही आस्वादू शकतो. नीरेच्या जागी शांता आपटे दिसू लागल्या तर रसभंगच होईल. ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर काळाच्या भेदात आहे. दिवे मालवलेले असतात तोवर विस्मरण हे रसिकाचे कर्तव्य आहे. दिवे लागताच स्मरण हे माणसाचे कर्तव्य आहे. आमची चूक एवढीच की, आम्ही पहिल्या कर्तव्याची मुदत आपल्या सोयीने वाढवून घेतली. रूसोने १७५८ साली दालांबेर यास लिहिलेल्या पत्रात एक बोचरी गोष्ट सांगितली आहे. नाटकातील दुःखावर आसवे गाळून प्रेक्षकास वाटते की, माणुसकीचे आपले देणे फिटले; मग खऱ्या दुःखिताकडे जाण्याचे त्याला कारणच उरत नाही. यावरून नाट्यगृहच नको, असा जो निष्कर्ष त्याने काढला तो आम्हांस मान्य नाही. परंतु रोगाचे निदान मात्र बिनचूक आहे. ‘कुंकू’ पाहून घरी परतलेल्या किती बापांनी त्या रात्री आपल्या मुलीचे ठरलेले स्थळ पुन्हा तपासून पाहिले असेल? काहींनी पाहिले असेलही. पण ज्यांनी पाहिले नाही त्यांचेही डोळे ओले झालेच होते.

जुन्या समाजाची वृत्ती या बाबतीत उघड तरी होती. मनुस्मृतीने ज्यांचे अन्न वर्ज्य ठरविले त्यांत नट आहे. खुद्द नाट्यशास्त्राच्या अखेरीस, ऋषींची टवाळी केल्याबद्दल भरतपुत्रांना शाप मिळाल्याची कथा आहे. रोमन लोक नटावर लुब्ध होत आणि कायद्याने त्याला हीन लेखत. उलट, कौटिल्यासारख्या रोखठोक राजनीतिज्ञाने गणिकांना आणि नटींना गीत, वाद्य, अभिनय इत्यादी कला शिकविणाऱ्यांची उपजीविका राज्याच्या उत्पन्नातून चालवावी असे सांगितले. त्याला निदान या शिक्षणाची किंमत ठाऊक होती. आम्ही सुशिक्षित मध्यमवर्गीयांनी मनूची तुच्छता तोंडाने टाकली आणि कौटिल्याचा हिशेबीपणा हाती घेतला नाही. आम्ही केवळ स्तुती देऊ केली. स्तुती ही फार स्वस्त वस्तू आहे. ती देणाऱ्याचा खर्च काही होत नाही आणि दातृत्वाचे समाधान मात्र पुरेपूर मिळते.

कायद्याचीही गती पाहा. १९५७ च्या आमच्या लेखाधिकाराच्या कायद्यात गीत लिहिणारा होता, चाल बांधणारा होता, ध्वनिमुद्रिका काढणारा होता. गाणारा मात्र नव्हता. गाणाऱ्याला आणि अभिनय करणाऱ्याला आपल्या प्रयोगावर काही हक्क आहे, हे त्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आले. शांताबाई २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत वारल्या. ज्या आवाजाने हजारो घरे भरली, त्यावर त्यांचा स्वतःचा असा हक्क कायद्याने त्यांच्या हयातीत ओळखला नव्हता.

हे सर्व जुने झाले, असे कोणी म्हणेल तर त्याने अलीकडची दोनच उदाहरणे ध्यानात घ्यावी. अमेरिकेतील जगद्विख्यात गायिका ब्रिटनी स्पिअर्स हिच्या जीविताची आणि मालमत्तेची व्यवस्था २००८ साली न्यायालयाने तिच्या वडिलांच्या हाती दिली. त्यानंतरही ती गात होती, नाचत होती, प्रेक्षागृहे भरवीत होती. फक्त आपल्या आयुष्याचे निर्णय घेण्यास ती असमर्थ मानली गेली होती! २०२१ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने ती व्यवस्था संपविली, तोवर तेरा वर्षे लोटली होती. आमच्याकडे केरळात चित्रपटसृष्टीतील स्त्रियांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी २०१७ साली न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली गेली; तिचा अहवाल २०१९ साली सरकारला सादर झाला आणि लोकांपुढे येण्यास २०२४ चा ऑगस्ट उजाडला. देश निराळे, काळ निराळा, परंतु ज्या दारात शांताबाई बसल्या ते दार अद्याप पुरते उघडलेले नाही.

मग रसिकाचे ऋण फेडावयाचे कसे? आमच्या मते त्याचे तीन हप्ते आहेत. पहिला, योग्य मोबदला. आणि यात गावच्या गणेशोत्सवात ‘तुमचे नाव होईल’ एवढ्या आश्वासनावर मुलींना फुकट गावयास लावण्याचा जो सार्वत्रिक प्रघात आहे, तो मोडणेही येते. दुसरा, नकाराचा मान. कलावंताने हे काम करणार नाही, इतकेच गाईन, आज गाणार नाही, असे म्हटल्यास त्याला गर्व झाला असे न म्हणता, तो माणूस आहे असे म्हणावयास शिकले पाहिजे. तिसरा, संपूर्ण स्मरण. गाण्याबरोबर गाणारीचे विचार, तिचे लढे आणि तिचा शीण यांचीही आठवण ठेवणे. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ १९७० साली पुस्तकरूपाने आले, तेव्हा पुष्कळांनी ते चोरून वाचले. चोरून वाचण्याऐवजी उघड वाचून त्यावर घरात बोलले गेले असते, तर या तिसऱ्या हप्त्याचा काही भाग तेव्हाच फिटला असता.

या हप्त्यांची निकड आज पूर्वीपेक्षा अधिक आहे, असे आम्हांस वाटते. एके काळी अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या मध्यमवर्गीय घरात मुलीने सिनेमाचे नाव काढले असते तर तिला दोन दिवस कोणी बोलले नसते. आता काळ फिरला. तेच घर आठ वर्षांच्या मुलीला गाण्याच्या स्पर्धेसाठी पहाटे उठवून मुंबईच्या गाडीत बसविते, दूरचित्रवाणीच्या पंचांपुढे उभी करते, आणि ती हरून रडू लागली तर तिचे रडणेही प्रक्षेपित होऊ देते. पूर्वीचा बाप जाऊ नको म्हणत होता, आताचा जा म्हणतो. यास आम्ही सुधारणा म्हणतो, आणि काही अंशी ती आहेही. परंतु आज्ञा पालटली म्हणजे आज्ञा करणारा पालटला असे होत नाही. दोन्ही वेळा निर्णय घरातील वडीलधाऱ्यांचा. दोन्ही वेळा प्रतिष्ठा घराची. मुलीला काय वाटते, हे विचारण्याचे दोन्ही पिढ्यांना सुचले नाही.

म्हणून शांताबाईंच्या त्या छोट्या पुस्तकाचे नाव आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. ते विधान नाही, उपदेश नाही, प्रश्न आहे; आणि तो प्रश्न ‘हिला जाऊ द्यावे काय?’ असा नाही. तो प्रथमपुरुषी आहे. विचारणारी मुलगी स्वतः आहे, आणि पुढे काय आहे हे सर्व समजून घेऊन तिने स्वतःच उत्तर द्यावे, म्हणून एका अनुभवी गायिकेने ते लिहिले. आमच्या घरातील एखादी मुलगी उद्या असा प्रश्न घेऊन समोर उभी राहील, तेव्हा होय किंवा नाही यांपैकी एक उत्तर तिच्या हाती देण्याची घाई आम्ही करू नये. तिला माहिती द्यावी, करार वाचावयास शिकवावे, गळ्याची निगा सांगावी, आणि मग तिच्या उत्तराची वाट पाहावी. जिच्या गाण्याने आमच्या आजीच्या आणि आईच्या पिढीला धीर दिला, तिचे थोडेतरी ऋण त्या वाट पाहण्याने फिटेल.